अडेलतट्टू

मराठीत एखाद्याला हट्टी म्हणायचे असेल तर आपण त्याला अडेलतट्टू म्हणतो. शाळेत गुरुजी मुलांना म्हणत, घरात थोरली बहीण धाकट्याला म्हणते, निवडणुकीच्या सभेत एक पुढारी दुसऱ्याला म्हणतो. आम्हा भावंडांना मात्र हा शब्द ऐकला की माणूस आठवत नाही, तट्टूच आठवते. रस्त्याच्या मधोमध उभे, घामाने निथळलेले, मागचे पाय थरथरणारे आणि पाठीवर चाबकाचे वळ असलेले. आम्ही टांगेवाल्याची मुले. ज्या राज्याच्या गीतात भीमथडीच्या तट्टांना मानाची जागा आहे, त्याच राज्याच्या भाषेत तट्टू म्हणजे हट्टाचा नमुना कसा झाला, हे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही. अब्बांना तर हा शब्द घरात चालत नसे. ते म्हणत, "जानवर को हट कहां से आयेगी? हट करने को पेट भरा लगता और पीठ खाली लगती." घोडा थांबला की त्याला कुठे दुखते ते आधी पाहायचे, चाबूक नंतर. आणि ते पाहिल्यावर बहुधा चाबकाची वेळच येत नसे.

मुंबई-हावडा मार्गावरचे आमचे स्टेशन भंडारा शहरात नाही. ते दहा-एक किलोमीटर दूर वरठीला आहे आणि त्याचे नाव भंडारा रोड. या अंतरावर टांगेवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या जगल्या. कोर्टकचेरीला येणारे खेडूत, पितळी भांड्यांचे व्यापारी, बदलीवर आलेले कारकून आणि त्यांची ट्रंका-वळकट्यांची बिऱ्हाडे, माहेरपणाला आलेल्या लेकी, अशी सगळी मंडळी टांग्यातून शहरात येत. पुढे ऑटो आले, काळीपिवळी आली आणि टांग्याचा अड्डा कधी मोडला ते नेमके सांगता येत नाही. एकेक घोडा कमी होत गेला, एवढेच. देशभराचीही तीच गत आहे. २०१२च्या पशुगणनेत भारतात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे आणि तट्टे २०१९च्या गणनेत साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. घोडे गेले तसे त्यांचे दुखणे ओळखणारे डोळेही गेले. आम्ही हे लिहायला बसलो आहोत ते त्यासाठीच.

अड्ड्यावर ईदचे तीन दिवस टांगे सुटत नसत. अड्ड्यावर मुसलमानांखेरीज इतरही टांगेवाले होते, पण तेही एखादा दिवस मोडत आणि शिरखुर्म्याला येत. घोड्यांची या तीन दिवसांत चैन असे. खरारा व्हायचा, आयाळीला तेल लागायचे, आणि चंदीचा तोबरा रोजच्यापेक्षा थोडा जडच असायचा. वर्षभर राबणाऱ्या जनावराने सणाला पोटभर खावे, ही सगळ्या अड्ड्याची रीत होती आणि तिच्यात मायाच होती.

अशाच एका ईदनंतर शेजारच्या टांगेवाल्याचा कुमैत घोडा स्टेशनवरून चार सवारी घेऊन निघाला. तगडा घोडा. तीन दिवस उभा राहिल्याने नुसता उधळत होता. दीड-दोन किलोमीटरवर त्याची चाल बदलली. मागचे पाय आखूड पडू लागले, घाम फुटला. हवा थंड होती तरी पोटाखालून घामाचे थेंब गळत होते. मग तो थांबला. मालकाने लगाम झटकला, चाबूक ओढला. सवारी उतरली, तिच्यातल्या एकाने शेपटी पिरगाळली. घोडा चार पावले चालला, पुन्हा थांबला. आम्ही शाळेतून येताना हे पाहिले. त्याचे मागचे पुठ्ठे आम्ही हात लावून पाहिले, तर ते लाकडासारखे कडक. नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यात भीती. लोक म्हणत होते, "अडला साला." तेव्हाही शब्द तोच होता.

त्याला तसेच ओढत घरी नेले. घरी पोहोचून त्याने पाय ताणून मुतण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एकाने निदान केले की मूत बांधले. दुसऱ्याने सांगितले, नजर लागली, ईदला फार सजवला होता. तिसऱ्याने तापलेल्या विळ्याने पुठ्ठ्यावर डाग दिला. संध्याकाळी तो मुतला ते काळ्या चहासारखे. रात्री खाली बसला तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी मेला. घोडा कर्जाचा होता. त्याच्या मालकाला आम्ही पहिल्यांदाच रडताना पाहिले. मोठी माणसे जनावरासाठी रडतात हेही तेव्हाच कळले.

मेल्यावर डॉक्टर आले. सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर होते, १९५८ साली सुरू झालेल्या नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले. त्यांनी घोड्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवस उभा होता, आणि चंदी किती होती?" उत्तर ऐकून ते म्हणाले की इंग्रजीत याला सोमवारचा आजार म्हणतात. तिकडे ओझ्याचे घोडे रविवारी सुटीवर असत, दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच मिळे, आणि सोमवारी सकाळी जुंपले की पहिल्या अर्ध्या तासात मागचा भाग आखडून खाली बसत. अड्ड्यावरचा एक म्हातारा यावर म्हणाला, "हमारे यहां पीर को नहीं आता डाक्टरसाब, ईद के बाद आता." त्या दुःखातही दोघे-तिघे हसले. दिवसाचे नाव कोणतेही असो, गणित एकच होते. काम थांबले, दाणा थांबला नाही, आणि मग एकदम काम.

आत काय घडते तेही त्यांनी सांगितले. घोड्याच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक भाग नुसत्या स्नायूंचा असतो. दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि ती स्नायूत साठते. दौड मारताना तीच जळते. आजार झाला की स्नायूंचे तंतू आखडतात ते सुटतच नाहीत, मग ते फाटू लागतात. फाटलेल्या तंतूंतला तांबडा रंग रक्तात उतरतो, रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि तिथल्या बारीक नळ्या खराब करतो. मूत काळपट होते ते याने. दुखते स्नायूत, पण घोडा मरतो तो पुष्कळदा मूत्रपिंडाने. घोड्याचे एकेक पाऊल म्हणजे आणखी काही तंतू तुटणे. घरापर्यंत ओढत नेणे हेच त्याला भोवते. त्यांच्या काळच्या पुस्तकात या सगळ्याचे कारण स्नायूत साचणारे आम्ल असे दिले होते. ते स्पष्टीकरण आता मागे पडले आहे, पण त्यांनी सांगितलेले उपाय अजून टिकून आहेत: जिथे थांबला तिथेच उभा ठेवा, झूल घाला, दाणा बंद, पाणी थोडे थोडे पण पुष्कळ, आणि डॉक्टरला घोड्याकडे आणा, घोड्याला डॉक्टरकडे नेऊ नका.

अब्बांनी हे वाक्य पाठ केले. त्याचा उपयोग पुढे आमच्याच दारी झाला.

आमची घोडी मैना. अंगाने लहान, स्वभावाने भित्री, पण रेल्वेच्या शिट्टीला न बुजणारी. ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. वरठीचा रस्ता चिखलाने भरला, टांगा निघेना. अब्बांनी पहिल्याच दिवशी चंदी अर्ध्यावर आणली, नंतर नुसता वाळका चारा. तबेल्यासमोरच्या ओल्या अंगणात ते तिला सकाळ-संध्याकाळ दोरीने फिरवत. नवव्या दिवशी उघडीप पडली. हलकी सवारी घेऊन ते निघाले, आणि एवढे करूनही अर्ध्या वाटेवर, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या असलेल्या जागी, मैना थांबली.

अब्बांनी लगाम ओढला नाही. खाली उतरून पुठ्ठ्यावर हात ठेवला, पट्टे सोडले, टांगा मागे ढकलून घोडी मोकळी केली. सवारीला मागून येणाऱ्या टांग्यात बसवून दिले आणि त्याच्याजवळ आमच्यासाठी निरोप दिला. आम्ही दोघे भाऊ कंदील, बादली आणि झूल घेऊन पळत गेलो. अम्मीने पांढरे तामचिनीचे मोठे भांडेही दिले, कारण अब्बांचा निरोप तसा होता. घोड्याची लघवी एरवीही गढूळ, पिवळट असते आणि जमिनीवर पडून राहिली की कधी कधी लालसर दिसते, त्यामुळे मातीवर पाहून काही ठरवता येत नाही. धारेखाली पांढरे भांडे धरायचे. रात्री दहाच्या सुमारास आम्ही ते धरले. कंदिलाच्या उजेडात भांड्यात बिनदुधाचा चहा दिसला.

ती रात्र आम्ही तिथेच काढली. अब्बा तिच्या मानेशी उभे राहून बोलत होते, काय बोलत होते ते आम्हाला ऐकू आले नाही. दर थोड्या वेळाने बादली पुढे करायची. ती चार घोट घ्यायची. ज्याचा कुमैत मेला होता तो टांगेवाला मध्यरात्री स्वतःचा कांबळा घेऊन आला आणि काही न बोलता तिच्या पुठ्ठ्यावर टाकून बसून राहिला. एक-दोघांनी गरम तेलाने चोळायचे सुचवले. अब्बा म्हणाले, "हात भी नहीं लगाना. अंदर टूट रहा है."

सकाळी डॉक्टर स्कूटरवर आले. टांग्याचे दांडे उभे करून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. घोड्याच्या अंगाला अर्ध्या लिटरच्या बाटलीने काय होते? एकामागून एक लावत राहावे लागले. दुखणे थांबवायचे औषध त्यांनी लगेच दिले नाही. अंगात पाणी भरल्याशिवाय ते दिले तर आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो, असे ते म्हणाले. दुपारी भांड्यातला रंग फिका झाला. दुसऱ्या दिवशी थांबत थांबत मैना घरी आली. वीस दिवस टांगा बंद. त्या वीस दिवसांत घर अम्मीच्या विड्यांवर चालले. आमच्या जिल्ह्यात तेंदूपान आणि विडी नसती तर किती घरांची चूल अशा वेळी विझली असती कोण जाणे. शेवटच्या आठवड्यात तिचे चांदीचे कडेही गहाण पडले. ते सुटायला दिवाळी उजाडली. मैना मात्र पुढे कित्येक वर्षे टांग्याला होती.

आम्हाला पुष्कळ वर्षे एक प्रश्न होता. चंदी कमी केली, फिरवले, सवारी हलकी घेतली, तरी का? त्याचे उत्तर अलीकडच्या संशोधनात आहे. हा एकच आजार नाही, वरून सारख्या दिसणाऱ्या अनेक आजारांचा तो गट आहे. काही घोड्यांना तो एकदाच होतो, ताकदीबाहेरच्या कामाने. काहींना तो पुन्हा पुन्हा होतो, कारण दोष जन्मजात असतो. २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा एका दोषाचे जनुक शोधले. तिकडच्या क्वार्टर हॉर्स आणि ओझ्याच्या अवजड घोड्यांत तो दोष आढळतो. त्यात साखर साठवणारे विकर गरजेपेक्षा जास्त काम करते, स्नायूत साखर कोंबली जाते आणि वापराच्या वेळी मात्र स्नायू उपाशी राहतो. केसांच्या मुळांवरून त्याची तपासणी होते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत दोष निराळा, तिथे स्नायूच्या आत कॅल्शियमची ये-जा बिघडते, आणि तो तरुण, घाबरट घोड्यांत, विशेषतः शिंगऱ्यांत, अधिक. म्हणजे स्वभावाचाही स्नायूशी संबंध आहे. मैना घाबरट होती. अशा घोड्याची काळजी घेतली तर झटके कमी होतात, दोष जात नाही. तो बाळगून जगायचे असते.

आता लाखोळीबद्दल सांगितले पाहिजे, कारण भंडाऱ्यात मागचे पाय अखडणारा घोडा पाहिला की तिची आठवण व्हावीच लागते. आमच्याकडे धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी शिंपडतात. धान कापले की ती वर येते. नांगर नको, पाणी नको. गरिबाची डाळ ती. तिच्यातल्या विषारी घटकामुळे माणसांचे पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्रात ती २००८ मध्ये उठली. बंदी होती तेव्हाही ती पिकत होतीच आणि हरभऱ्यापेक्षा स्वस्त होती, म्हणून टांगेवाल्यांच्या तोबऱ्यातही जात असे. घोडा या विषाला फार हळवा. पण ही इजा स्नायूची नव्हे, मज्जातंतूची. ती आठवड्यांमागून आठवडे खाल्ल्यावर हळूहळू येते, मागचे पाय फेंगडतात, पुठ्ठे कडक होत नाहीत, मुताचा रंग बदलत नाही. एक खूण आणखी आहे. चढावर किंवा धावताना असा घोडा घशातून मोठा घरघर आवाज काढतो, कारण कंठाची नसही लुळी पडलेली असते. स्नायूचा झटका मात्र निघाल्यावर थोड्याच वेळात येतो, घाम आणि काळे मूत घेऊन येतो, आणि वेळेवर सावरला तर पूर्ण बरा होतो. लाखोळीने गेलेला पाय क्वचितच परत येतो. रेवा भागात सालदारांना मजुरीत हीच डाळ मिळे आणि माणसे काठी टेकत चालत. तिथली माणसे आणि आमची तट्टे यांना एकाच स्वस्ताईने अपंग केले, हे आम्हाला फार उशिरा, पुस्तके वाचून कळले.

ताठरलेल्या घोड्याचे तिसरे कारण धनुर्वात. नालबंदाचा खिळा चुकीचा गेला किंवा पायाला जखम झाली तर. त्यात जबडा बसतो, कान उभे राहतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा पडदा बाहेर येतो. त्याची लस मिळते आणि ती प्रत्येक घोड्याला द्यावीच.

चाऱ्याबद्दल अब्बा फारसे बोलत नसत, पण आम्हाला आता त्यावर दोन शब्द लिहावेसे वाटतात. धानाच्या मुलखात घोड्याला तणस मिळते. पोट भरते, पण वाळलेल्या तणसात ई जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते, आणि स्नायूला ते लागते. हिरवी हरळी, मक्याचा हिरवा चारा, काहीही हिरवे रोज थोडे हवे. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारा कासविंदा मात्र चाऱ्यात येऊ देऊ नये. त्याच्या बिया जनावरांच्या यकृताला आणि स्नायूंना बाधतात. आणि ज्या घोड्याला झटक्याची खोड आहे त्याची ताकद दाण्याऐवजी तेलातून भागवावी, असे आता सगळीकडे सांगतात. अमेरिकेत अशा घोड्यांसाठी धानाचा कोंडा प्रक्रिया करून पिशव्यांत भरून विकतात! आमच्या तुमसरच्या गिरण्यांतून बाहेर पडणारा तोच बारीक कोंडा. त्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असते. पण कच्चा कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो, आणि त्यात स्फुरद जास्त व चुना कमी असल्याने नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे पोकळ होऊन तोंड सुजते. म्हणून ताजा, थोडा, आणि डॉक्टरला विचारून चुनखडीच्या जोडीने. त्यापेक्षा चमचाभरापासून सुरू करून रोज थोडे वाढवत खाद्यतेल देणे सोपे.

जुन्या अड्ड्यावर घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. आमच्या लहानपणचा शेवटचा सालोत्री पाच वक्त नमाजी होता आणि आपल्या धंद्याचे नाव शालिहोत्र या प्राचीन ऋषीवरून आले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्याला काही वावगे वाटले नसते. शालिहोत्राचा ग्रंथ फारसीत गेला, फारसीतून 'फरसनामा' नावाची पुस्तकामागून पुस्तके निघाली. उर्दूतले रंगेल शायर म्हणून ज्यांची ख्याती, त्या सआदत यार खाँ 'रंगीन' यांनीही एक फरसनामा लिहिला आणि १९११ साली तो इंग्रजीत आला. शायराला घोड्याचे दुखणे ठाऊक असण्याचा तो काळ होता. या परंपरेतले सगळेच चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. डाग देणे, शीर फोडून रक्त काढणे, हेही त्याच झोळीतले. पण घोड्याला हात लावून, त्याची लीद आणि मूत पाहून, कालपासून काय खाल्ले ते विचारून मग तोंड उघडायचे, ही शिस्तही तिथलीच. आज रक्त तपासून क्रिएटिन कायनेज नावाचे विकर मोजता येते. स्नायू फाटले की ते काही तासांत हजारोंच्या घरात जाते आणि निदान पक्के होते. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर पांढरे भांडे आहेच.

टांगे गेले, पण आजार गेला नाही. तो आता वरातीच्या घोड्यांकडे आला आहे, आणि आमच्या मते टांग्यापेक्षा इथे त्याला अधिक वाव आहे. टांग्याचा घोडा निदान रोज चालत असे. वरातीची घोडी चातुर्मासभर खुंटाला उभी असते, आणि तुळशीचे लग्न लागले की एका रात्रीत दोन-दोन वराती. आमचा एक भाचा तुमसरला दोन घोड्या ठेवतो. त्याच्या घरात भिंतीवर पंचांग आहे आणि लग्नाच्या तिथी त्याला आमच्या गुरुजींपेक्षा जास्त पाठ आहेत. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि त्याचे दोन हंगाम बुडाले. घोड्या वाळल्या. चंदीला पैसा नव्हता. २०२१च्या हिवाळ्यात लग्ने पुन्हा जोरात सुरू झाली. घोड्या चकाकत्या दिसल्या नाहीत तर कोणी ठरवत नाही, म्हणून त्या धंद्यातले सगळेच हंगामाआधी दाणा वाढवतात, तसा त्यानेही वाढवला. डिसेंबरातल्या एका वरातीत, डीजेसमोर, नवरदेव पाठीवर असताना त्याची पांढरी घोडी थरथरायला लागली आणि मागचे पाय उचलेना.

त्याने आम्हाला फोन लावला. मागे ढोल वाजत होता. आम्ही एवढेच म्हणालो, "नवरदेव उतरव, जीन काढ, तिथून हलवू नको." हे सांगणे सोपे होते. तिथे भर रस्त्यात, दोनशे लोकांसमोर, नवरदेवाला घोडीवरून उतरवणे हे काय असते ते त्याने सोसले. अपशकुन झाला म्हणून वऱ्हाड अंगावर आले. कोणी लगाम खेचू लागले. एका काकांनी काठी उगारली आणि तोच शब्द वापरला. भाचा घोडीच्या आणि काठीच्या मध्ये उभा राहिला. नवरदेव चालत मांडवात गेला, भाच्याचे पैसे बुडाले, वर शिव्या. घोडी रात्रभर त्या रस्त्याच्या कडेला झूल पांघरून उभी होती आणि सकाळी डॉक्टर आले तेव्हाही उभीच होती. दीड महिन्यानंतर तिला त्याने पहिल्यांदा रिकाम्या पाठीने फिरवले.

आता त्याची पद्धत ठरलेली आहे. चातुर्मासातही रोज फजरनंतर दोन्ही घोड्या बाहेर निघतात, पाऊस असला तरी. दसऱ्यापासून चाल वाढते, मग रिकामे जीन, मग जीन आणि वजन. दाणा कामाच्या मागून वाढतो, पुढून नाही. उद्या वरात नसेल तर आज रात्रीच तोबरा अर्धा. घोडी तोबऱ्यात तोंड घालून तळाशी पोहोचते आणि मग त्याच्याकडे बघते, ते बघणे फार जीवावर येते असे तो म्हणतो. वरातीत तासाला एकदा पाणी आणि दहा मिनिटे जीन सैल.

आणि सौदा ठरवतानाच तो सांगतो की घोडी थांबली तर नवरदेव उतरेल, आणि निम्मे पैसे आधी लागतील. गेल्या हंगामात दोन घरांनी ही अट ऐकून दुसरी घोडी ठरवली. तिसऱ्या घरी ओसरीवर नवरदेवाचे आजोबा बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "वरठीचे ते टांगेवाले तुमचे कोण होत जी?"